न मोजलेल्या दिवसांचा मागोवा

देशातल्या गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल उघडला की शस्त्र कायद्याखाली कुठल्या राज्यात किती गुन्हे दाखल झाले, किती हत्यारं जप्त झाली, त्यातली कारखान्यातली किती आणि गावठी किती, हे सगळं ओळीनं सापडतं. अमली पदार्थांच्या पानावर गांजा किती सापडला, स्वतःच्या सेवनासाठी बाळगणारे किती आणि विकण्यासाठी बाळगणारे किती, हेही सापडतं. पण ज्याला व्यसन सोडायचं आहे, त्यानं मदत मागितल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती दिवस गेले, हा आकडा देशाच्या अहवालात नाही आणि राज्यही तो प्रसिद्ध करत नाही. बंदुकीची नोंद आहे, पुडीची नोंद आहे, वाट पाहण्याची नाही. हा रकाना रिकामा कसा राहिला, हे समजायला सव्वाशे-दीडशे वर्षं मागे जावं लागतं.

उमरग्यात बसून हा प्रश्न विचारायला कारण आहे. सोलापूर-हैदराबाद महामार्ग गावाला खेटून जातो आणि तलमोडच्या पुढे कर्नाटकाची हद्द लागते. आंध्र-ओडिशाच्या डोंगरपट्ट्यातून निघालेला गांजा पुण्या-मुंबईकडे जाताना ज्या वाटा धरतो, त्यातली एक झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, सोलापूर अशी आहे. एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून सुमारे साडेअठरा टन इफेड्रिन जप्त झालं, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच धाराशिव जिल्ह्यात तामलवाडी पोलिसांनी एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, पुड्या पकडल्या आणि तपासाचे धागे थेट तुळजापुरात पोहोचले. आरोपींची संख्या तीसच्या वर गेली आणि त्यांची विकणारे व सेवन करणारे अशी विभागणी झाली. या सेवन करणाऱ्यांवर उपचार कोण करणार आणि कधी करणार, यावर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

व्यसनी माणसांबद्दलच्या सरकारी आकड्यांची पहिली कसून तपासणी १८९३-९४ ची आहे. गांजा-भांगेच्या नशेनं माणसं वेडी होतात आणि सरकार त्यावर महसूल मिळवतं, असा मुद्दा ब्रिटनच्या संसदेत निघाला आणि त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. आयोगानं देशभर फिरून ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. त्यांचं सगळ्यात मोलाचं काम वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदवह्यांवर झालं. १८९२ सालात दाखल झालेल्यांपैकी २२२ जणांच्या वेडाचं कारण गांजा-भांग असं लिहिलेलं होतं. आयोगानं एकेक प्रकरण काढून पाहिलं, तेव्हा त्यातली ९८ कशीबशी टिकली आणि फक्त गांजा-भांगेमुळे म्हणता येतील अशी ६१ उरली.

बाकीच्या नोंदी आल्या कुठून, याचं उत्तर आयोगानं शोधलं. रस्त्यावर भटकणाऱ्या माणसाला पोलीस पकडून आणत. सोबतच्या कागदावर कारणाचा रकाना असे. माणूस परका, सांगायला नातेवाईक नाही, रकाना रिकामा ठेवायची सोय नाही. मग शिपाई किंवा कारकून ‘गांजा’ असं लिहून मोकळा होई. इस्पितळ तेच उतरवून घेई, वार्षिक अहवाल इस्पितळाकडून घेई आणि छापून आलं की ते सरकारी सत्य होई. रकाना कोण भरतो यावर आकड्याची किंमत ठरते, हा धडा या देशाला १८९४ सालीच मिळाला होता.

तो धडा मुरला नाही. आजही आत्महत्यांच्या वार्षिक अहवालात कारणांच्या यादीत ‘अमली पदार्थ व दारूचं व्यसन’ असा एक रकाना असतो. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या महाराष्ट्रातल्या २२,७४६, आणि देशभरातल्या जवळपास सात टक्के या कारणाखाली गेल्या. हे कारण ठरतं अकस्मात मृत्यूच्या चौकशीत, पोलिसांच्या हातून, शोकात बुडालेल्या घराच्या ओसरीवर. घरचे सांगतात, ‘लई प्यायचा’, आणि ते लिहिलं जातं. त्यानं सोडायचा प्रयत्न किती वेळा केला, कुणाकडे गेला, कितीदा परत पाठवला गेला, हे विचारणारा प्रश्न त्या कागदावर नाही.

निजामाच्या राज्यात, ज्यात उमरगा होतं, नशेचा आकडा महसुलाच्या खात्यात राहायचा. आबकारी हे हैदराबाद संस्थानाच्या उत्पन्नाचं एक मोठं साधन होतं. शिंदीची झाडं, दारूच्या भट्ट्या, अफू-गांजाची दुकानं यांचे लिलाव होत आणि मक्त्याची रक्कम ही मोजण्याची गोष्ट होती. पिणारा दिसायचा तो गिऱ्हाईक म्हणून. ब्रिटिश हद्दीतही फार वेगळं नव्हतं. अफू सरकारी परवान्यानं विकली जाई. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेत दहा वर्षांत ही विक्री बंद करायचं ठरलं आणि १ एप्रिल १९५९ पासून औषधाखेरीज अफू मिळणं बंद झालं. मधल्या काळात अफूबाजांची नोंदणी झाली. सरकारनं व्यसनी माणसाला नावानिशी मोजलं ते तेव्हा, पण मोजलं ते त्याचा वाटा ठरवायला. उपचारासाठी ही यादी नव्हती.

बंदुकीच्या आकड्याची वाट या मातीत आणखी क्लेशाची आहे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून संस्थानात शिरल्या. बोरी नदीचा पूल हाती आला, नळदुर्ग पडलं, जळकोट मागे टाकून चिलखती तुकडी त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास उमरग्याला पोहोचली आणि इथल्या रझाकारांचा प्रतिकार मोडून काढला. सीमेपासून सुमारे साठ किलोमीटर आत आलेलं ते सैन्य लोकांनी मुक्तिदाता म्हणून पाहिलं आणि त्याला कारणही होतं. आधीची दोन वर्षं रझाकारांनी गावोगाव लूट, जाळपोळ आणि खून करून माणसांना जगणं नको केलं होतं.

१७ सप्टेंबरला निजाम शरण आल्यानंतर जे घडलं, तेही या तालुक्याच्या इतिहासाचा भाग आहे. सूडाच्या लाटेत मुसलमान वस्त्यांवर हल्ले झाले. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरली, गावोगावच्या लोकांशी बोलली. मृतांचा तिचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. सर्वाधिक झळ पोहोचलेले चार जिल्हे तिनं नोंदले: उस्मानाबाद (आजचं धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड, या चारांत मिळून १८ हजारांहून कमी माणसं गेली नाहीत, असं तिचं म्हणणं. सरकारनं हा अहवाल तेव्हा प्रसिद्ध केला नाही. संशोधकांना तो मोकळेपणानं पाहता आला तेव्हा २०१३ साल उजाडलं होतं. आकडा हाती असून दाबला की जखम बरी होत नाही. मेलेल्यांची घरं आणि रझाकारांच्या काळात होरपळलेली घरं, दोघांनाही आपलं दुःख मोजलंच गेलं नाही असं वाटत राहतं, आणि अफवा आकड्याची जागा घेते.

शस्त्रांचा कायदा त्याहून जुना. १८५७ च्या धास्तीनं इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ च्या कायद्यानं ती व्यवस्था पक्की केली. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९ चा, अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ पासून. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. देशातल्या गुन्ह्यांचा पहिला वार्षिक अहवाल १९५३ चा आणि हे आकडे गोळा करणारा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग १९८६ मध्ये उभा राहिला.

आता हे आकडे ठाण्यात कसे तयार होतात ते जवळून पाहू. महाराष्ट्रात भारतीय दंड संहितेखालचे, आता न्याय संहितेखालचे, गुन्हे भाग १ ते ५ मध्ये आणि विशेष व स्थानिक कायद्यांखालचे भाग ६ मध्ये नोंदले जातात. गावठी कट्टा सापडला तर कलम ३/२५ लागतं. तलवार, कोयता, सुरा सापडला तर ४/२५ लागतं. दोन्ही शस्त्र कायद्याचेच गुन्हे. ठाण्याच्या रजिस्टरात फरक दिसतो, पण वर जाताना दोन्ही ‘शस्त्र कायदा’ या एकाच ओळीत मिसळतात. वाढदिवसाचा केक तलवारीनं कापणारा पोरगा आणि कंबरेला पिस्तूल लावून फिरणारा खंडणीखोर, वार्षिक तक्त्यात एका ओळीत येतात.

दुसरी अडचण मोजणीच्या नियमातली आहे. एका फिर्यादीत अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर गुन्हाच मोजायचा, असा गुन्हे नोंद विभागाचा नियम आहे. कट्ट्यातून गोळी झाडून कुणाचा खून झाला, तर तो खुनात मोजला जातो, शस्त्र कायद्याच्या ओळीत नाही. पिस्तूल दाखवून लुटलं तर ते जबरी चोरीत जातं. म्हणजे बंदूक चालल्याचे गुन्हे या ओळीतून बाहेर पडतात आणि चालण्याआधी पकडलेल्या बंदुका तिथं राहतात. ज्या वर्षी नाकाबंदी जोरात, त्या वर्षी आकडा वाढतो. तो आकडा पोलिसांच्या कामाचं माप म्हणून उपयोगी आहे; बंदुकीच्या दहशतीचं माप म्हणून तो वाचला तर चूक होते.

परवान्याच्या बंदुकांचीही तीच कथा. त्यांची नोंद जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असते आणि निवडणुका आल्या की हत्यारं ठाण्यात जमा होतात, म्हणजे यादी आहेच. तरी डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून होईपर्यंत शेजारच्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत, ही गोष्ट लोकांसमोर आली नव्हती. आरडाओरड झाली, फेरतपासणी झाली, अनेक परवाने रद्द झाले. यादी कपाटात होती, ती बाहेर काढायला एका माणसाचा जीव जावा लागला.

नशेच्या आकड्याचं आजचं रूप १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्यानं घडवलं. १४ नोव्हेंबर १९८५ ला तो लागू झाला. २००१ च्या दुरुस्तीनं प्रमाणावर शिक्षा ठरू लागली: गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी, एमडी दोन ग्रॅमपर्यंत अल्प आणि पन्नास ग्रॅमच्या वर व्यापारी. त्यामुळे ग्रॅम महत्त्वाचा झाला. पंचांसमोर माल मोजायचा, दंडाधिकाऱ्यांसमोर नमुना काढायचा, लाखेचं सील मारायचं, लेबलवर सह्या घ्यायच्या, स्टेशन डायरीत तास-मिनिटासह नोंद करायची, मुद्देमालाला नंबर द्यायचा. एक पायरी चुकली तर आरोपी सुटतो, म्हणून पोलीस ही नोंद जिवापाड जपतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात या कायद्याखाली तेरा हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले, केरळच्या खालोखाल; त्यातला मोठा भाग सेवनासाठी बाळगल्याचा.

याच कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या मालासह पकडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कलम ३९ न्यायालयाला त्याला उपचारासाठी सोडायची मुभा देतं. कायद्यानं दार ठेवलं आहे. पण किती जणांनी ते ठोठावलं आणि किती दिवसांनी उघडलं, याची ओळ गुन्ह्यांच्या तक्त्यात कधी आली नाही.

उपचाराची बाजू महाराष्ट्रात आधी समाजानं उचलली. ब्राउन शुगरनं, म्हणजे गर्दनं, पुण्या-मुंबईची तरुण पोरं संपवायला सुरुवात केली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. सुनंदा अवचट यांच्या पुढाकारानं पुण्यात मुक्तांगण सुरू झालं, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचं बळ त्यामागे होतं. केंद्राच्या कल्याण खात्यानं (आजचं सामाजिक न्याय खातं) त्याच सुमारास स्वयंसेवी केंद्रांना अनुदान द्यायला सुरुवात केली. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ चं, केंद्राचं नशामुक्त भारत अभियान १५ ऑगस्ट २०२० चं, आणि १४४४६ हा मदतीचा क्रमांक आजही चालू आहे.

मोजणी मात्र उशिरा आली आणि अर्धवट आली. २०००-०१ चं पहिलं मोठं राष्ट्रीय घरोघर सर्वेक्षण २००४ मध्ये प्रसिद्ध झालं; त्यात १२ ते ६० वयाचे फक्त पुरुष होते. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात दारूमुळे आजारी असलेल्या शंभरांतले सुमारे ८६ उपचारांविना होते. एम्सनं सर्व राज्यांत दोन लाखांहून अधिक घरांत जाऊन केलेली पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकाला कसलाही उपचार मिळाला होता, दाखल होऊन उपचार १८० जणांत एकाला. हे आकडे मोलाचे आहेत, पण ते उपचार मिळाला की नाही एवढंच सांगतात. किती वाट पाहून मिळाला, हे त्यांच्यात नाही.

वाट पाहण्याला इतकं महत्त्व का द्यायचं? कारण दारूचं व्यसन हा शरीराचा आजार आहे आणि त्याला वेळापत्रक आहे. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होऊन माणूस दगावू शकतो. ‘आधी चार दिवस सोड, मग ये’ असं सांगून घरी पाठवणं त्याच्या जिवाशी खेळणं आहे. आणि मनाचंही वेळापत्रक असतं. एखाद्या रात्री घरात राडा होतो, पोरगी रडते, सकाळी तो स्वतःहून म्हणतो, ‘आता बास, मला कुठंतरी न्या.’ हे बोलणं दोन दिवस टिकतं, फार तर चार. घरची बाई त्याला उपजिल्हा रुग्णालयात आणते. मानसोपचाराचं पथक ठरलेल्या दिवशीच असेल तर तो दिवस गाठावा लागतो. दाखल करायचं तर लातूर नाहीतर सोलापूर. पुणं गाठायचं तर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. भाड्याचे पैसे, बुडालेली मजुरी, सोबत कोण जाणार, उसाची तोड कधी संपणार. तोवर त्याचं मन फिरतं. तिच्या हातातल्या केसपेपरवर तारीख असते ती डॉक्टरांनी तपासलं त्या दिवसाची. आधी वाया गेलेले दिवस कुठल्याच कागदावर नसतात.

हा रकाना भरता येतो, हे इंग्लंडनं दाखवलं आहे. २००३ च्या सुरुवातीला तिथं बंदुकीच्या गुन्ह्यांत एका वर्षात ३५ टक्के वाढ झाल्याचे सरकारी आकडे आले आणि देश हादरला. त्याच काळात नशामुक्तीच्या उपचारांसाठी लोकांना सरासरी नऊ आठवडे थांबावं लागतं, हेही सरकारनं स्वतः मोजून सांगितलं. त्यासाठी २००१ मध्ये स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. माणसाला केंद्राकडे पाठवलं ती तारीख आणि उपचार सुरू झाला ती तारीख, या दोन्ही नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या, मर्यादा तीन आठवड्यांची ठरली आणि प्रत्येक भागाचा आकडा छापून येऊ लागला. आज तिथल्या बहुतेक सगळ्यांचे उपचार तीन आठवड्यांच्या आत सुरू होतात. पैसा वाढवला, डॉक्टर नेमले म्हणून हे झालं. पण तो कुठं वाढवायचा, हे त्या दोन तारखांनी सांगितलं.

आपल्याकडे हक्क आधीच लिहून ठेवलेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार आपल्या कक्षेत घेतले, आणि किमान सेवा जिल्ह्यात सरकारनं पुरवली नाही तर माणसाला जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेत जाऊन सरकारकडून खर्च मागता येतो. पण सेवा वेळेवर मिळाली नाही, हे सिद्ध कशानं करायचं? रिकाम्या रकान्याच्या आधारे हक्क मागता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्यात एक नोंदवही हवी आणि तिच्यात तीन तारखा हव्यात: मदत मागितली ती, डॉक्टरांनी पाहिलं ती, उपचार सुरू झाला ती. पहिली तारीख आशाताईकडे, मदत क्रमांकावर, ठाण्यात किंवा न्यायालयात, जिथं माणूस पहिल्यांदा बोलला तिथं पडावी आणि ती त्याच्या किंवा घरच्यांच्या तोंडून विचारून लिहावी. १८९४ चा आयोग आपल्याला तेवढं शिकवून गेला आहे. ठाण्यात एका ग्रॅमची नोंद मिनिटासह ठेवणाऱ्या राज्याला हे जड नाही. आणि दर तिमाहीला जिल्हा नियोजन समितीपुढे तालुकावार सरासरी ठेवावी, वर्तमानपत्रांना द्यावी.

पहिल्या वर्षाचा आकडा वाईट येईल. उमरग्याचा, लोहाऱ्याचा, तुळजापूरचा, सगळ्यांचाच. तो झाकावा असं कुणाला तरी वाटेल, आणि झाकलेल्या आकड्यांची किंमत या जिल्ह्यानं एकदा पिढ्यान्‌पिढ्या मोजली आहे. इंग्लंडचे नऊ आठवडे छापले गेले म्हणून तीनवर आले. आपले जितके असतील तितके छापले जावेत. खाटा, डॉक्टर आणि गोळ्या मागायला तालुक्याच्या हातात तेवढाच भक्कम पुरावा असेल.